आपाची गोलंदाजी

आमच्या घरात आवाज एकच होता आणि तो सकाळी उजाडताच सुरू व्हायचा. अब्बा पिंजारी. छताच्या वाशाला दोरीनं टांगलेली धनुकली, तिच्यावर ताणून बसवलेली आतड्याची तात, आणि त्या तातीवर लाकडी ठोकळ्याचा ठोका. टुंग, टुंग-टुंग, टुंग. जुन्या गादीतली दबून काळी पडलेली रुई त्या थरथरीनं सुटी व्हायची, वर उडायची आणि खाली येताना पांढरी होऊन यायची. मंठ्याच्या बाजारात कुणी आमचं घर विचारलं तर लोक पत्ता सांगत नसत, आवाज ऐकत जा म्हणत. रुईचा भुरा सगळ्या घरात असायचा. पापण्यांवर, दुधावर, अब्बांच्या दाढीत, भिंतीवरच्या खिळ्यांवर. अम्मी चुलीवरून खट्टी दाल उतरवताच आधी तिच्यावर परात पालथी घालायची आणि मगच आम्हाला हाक मारायची. सकाळी खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा, दुपारी ज्वारीची भाकरी आणि अंबाडी, शुक्रवारी जमलं तर मटण घातलेला दालचा. त्यात कधी रुईचा तंतू जिभेला लागला तर आम्ही बोटानं काढून बाजूला ठेवायचो आणि पुढं जेवायचो. आजही परदेशातल्या हॉटेलात उतरलो की मी उशीची खोळ काढून आत काय भरलंय ते बघतो. बहुतेक वेळा फोम असतो.

मी घरात उर्दू बोलत होतो आणि शाळेत मराठी शिकत होतो. गल्लीतली बाकी पोरं उर्दू शाळेत जायची. अब्बांचं म्हणणं होतं की गिऱ्हाईक मराठी बोलतं, तर पोराला मराठी लिहिता आली पाहिजे. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण झालं असं की गल्लीत मी मराठी शाळेवाला झालो आणि शाळेत पिंजाऱ्याचा. कुणी मारलं नाही, चिडवलंही फारसं नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडायला कुणाशेजारी बसायचं, एवढाच प्रश्न असायचा, आणि तो रोज नव्यानं पडायचा. त्यामुळं शाळा सुटली की मी सरळ घरी यायचो. घरी आपा असायची.

आपा म्हणजे माझी मोठी बहीण रजिया. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. दिवसभर ती अम्मीबरोबर गाद्यांना टाके घालायची. त्यानं तिची लांब बोटं फार कडक झाली होती. चिमटा काढला तर दोन दिवस निळं राहायचं. दुपार उतरली की अब्बा धनुकली थांबवून बाजारात जायचे, ते सांजेची, मगरीबची नमाज पढूनच परत यायचे. तेवढा वेळ अंगण आमचं. चेंडू आपानंच केलेला होता. आत एक सागरगोटा, त्याच्यावर घट्ट दाबलेली रुई, वर गादीचं पट्टेरी कापड आणि मधोमध दुहेरी टाक्याची जाड शिवण. बॅट म्हणजे कपडे धुवायचं धोपटणं. पाण्याच्या रांजणाखालची लाकडी तिवई हा स्टंप. अंगण अर्धं शहाबादी फरशीचं होतं आणि अर्धं मातीचं, कारण फरशी अर्ध्यातच संपली होती आणि उरलेली कधी आलीच नाही. दोन्हीच्या मधली रेघ वाकडीतिकडी होती.

आपा चेंडू टाकायची आणि मी खेळायचो. यात कधी बदल झाला नाही. डोक्यावर ओढणी आणि वर पत्र्याची पडवी इतकी खाली आलेली, की तिचा हात कधी पूर्ण वर जायचाच नाही. खांद्याच्या बाजूनं, कानाच्या खालून तो फिरायचा, जसा कुणी दाण्याची मूठ दूर फेकावी तसा. आणि चेंडू पडला की काय होईल याचा मला अंदाज नसायचा. एक वळून पायात यायचा, दुसरा तसाच टाकलेला सरळ निघून जायचा आणि तिवईवर टक् करून वाजायचा. आपा हसताना आवाज करत नसे. ओढणीचं टोक तोंडावर धरायची, खांदे तेवढे हलायचे.

"फिर से खड़ा रह," ती म्हणायची. "घाई कायकू करता तू? आने दे ना बॉल को."

मी वाट बघायला शिकलो. चेंडू पडू द्यायचा, बघायचा, मग धोपटणं हलवायचं. पुढं अनेकांनी माझ्या फलंदाजीबद्दल लिहिलं की मी चेंडू फार उशिरा खेळतो. त्याचं कारण एवढंच होतं, की घाई केली की आपा हसायची.

तिचं लग्न आष्टीत ठरलं. दुल्हाभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, घरामागं मोसंबीची थोडी झाडं होती, माणसं साधी होती. लग्नात मी खूप जेवलो, भरपूर पळापळ केली, आणि बिदाईच्या वेळी सगळ्या बायका रडत असताना मला आपण का रडत नाही याचंच नवल वाटत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो. दप्तर खुंटीला लावलं. अब्बा बाजारात गेलेले, अम्मी आत आडवी झालेली. मी धोपटणं घेऊन तिवईपुढं उभा राहिलो. समोर पडवी होती, पडवीच्या पत्र्याखाली दोरीवर वाळत घातलेली गादीची खोळ होती. मी बराच वेळ तसाच उभा होतो. मग अम्मी उठून दारात आली. तिनं मला बघितलं आणि परत आत गेली.

एकट्यानं क्रिकेट खेळता येत नाही, हे लोकांना माहीत असतं. पण ते किती येत नाही हे एकट्यानं खेळून बघितल्याशिवाय कळत नाही. चेंडू भिंतीवर मारायचा, तो परत येईपर्यंत बॅट उचलायची. तो कधी परत यायचा, कधी रांजणामागं जाऊन बसायचा. मग मी बॅट ठेवून दिली आणि आपा जिथून टाकायची तिथं जाऊन उभा राहिलो. तिवईवर चेंडू टाकायचा, चालत जायचं, उचलायचा, चालत परत यायचं, पुन्हा टाकायचा. असं मगरीबच्या अजानपर्यंत. मला दुसऱ्या कुणाची गोलंदाजी माहीत नव्हती, म्हणून मी आपासारखी टाकली. कानाच्या खालून, खांद्याच्या बाजूनं. वार्ताहर विचारतात, तुम्ही अष्टपैलू कसे झालात. मी मेहनत वगैरे काहीतरी सांगतो. खरं म्हणजे समोरचं माणूस गेलं, म्हणून मला दोन्ही कामं करावी लागली.

दहावीनंतर अब्बांनी मला जालन्याला पाठवलं. कॉलेज हे निमित्त होतं. शाळेच्या संघात तोवर मला घेतलं होतं; आमचा एक सामना बघायला जालन्याच्या क्लबचे घुगे सर आल्ते, त्यांनी मला बोलावलं होतं. घुगे सर पोटानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. टोपी कधी काढायचे नाहीत. मला ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए मंठा." माझी खोली बियाण्यांच्या गोदामावर होती. बियाण्याला लावायच्या गुलाबी औषधाचा वास कपड्यांना, वहीला, पाण्याला येई. घरी रुईचा भुरा होता, इथं ही गुलाबी पूड. खानावळीत मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचो. खानावळवाल्या मावशी वाढताना सगळ्यांशी बोलायच्या, माझ्याशी बोलायच्या नाहीत. त्यांना वाटायचं मला बोलायला आवडत नाही. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असायची. मग मी स्टँडवर जाऊन केळी घ्यायचो आणि गाड्यांच्या पाट्या वाचत उभा राहायचो. मंठा, परतूर, अंबड, राजूर. कुठल्याच गाडीत बसायचं नसलं तरी पाट्या वाचायला बरं वाटायचं.

मैदानावर मात्र माझं बरं चाललं होतं. आमच्या क्लबचं मैदान मुरमाचं, त्यावर काथ्याची मॅट अंथरून आम्ही खेळायचो. मॅटवर माझा चेंडू हातभर वळायचा. सरांना माझा हात आवडायचा नाही.

"वर घे तो हात. कानाला लागला पाह्यजे," ते ओरडायचे. "तू बॉलिंग करून राह्यला का पेरणी? कुणी शिकवलं असं?"

"आपानं," मी म्हणालो.

नेटमधली पोरं हसली. सर हसले नाहीत. "तुझी बहीण क्रिकेट खेळती?"

"घरात खेळायची, सर. आता लग्न झालं."

सरांनी टोपी मागं-पुढं केली आणि मला पुढचा चेंडू टाकायला सांगितला. त्यानंतर हाताबद्दल ते कमी बोलायला लागले.

त्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या. औरंगाबादला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, निवड चाचणी होती. एकोणीस वर्षांखालच्या संघासाठी. आणि अब्बांचा दमा वाढला. हिवाळा म्हणजे गाद्या-रजयांचा मोसम, घर रुईनं भरून जायचं, आणि त्यातच त्यांना श्वास घेता येईनासा झाला. मी मंठ्याला गेलो तेव्हा ते दोन ठोके मारायचे आणि तातीवर हात ठेवून थांबायचे.

"ये जाड़े तक देखते," ते म्हणाले. "तेरा कुछ हुआ तो हुआ. नहीं हुआ तो आ जा. मेरे से अब खिंचती नहीं."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, धमकी म्हणून तर नाहीच. मला त्यांच्या बोलण्यात काही चुकीचं वाटलं नाही. तरी परत जालन्याला येताना गाडीत मी तेच बोलणं पुन्हा पुन्हा आठवत होतो. मला धनुकली ओढता यायची. तिचा आवाज मला आवडायचाही. पण त्या टांगलेल्या दोरीखाली आयुष्यभर उभं राहिलेला मी मला डोळ्यांपुढं दिसत नव्हता.

चाचणी गवताच्या खेळपट्टीवर होणार होती. सवय व्हावी म्हणून सरांनी आम्हाला बाहेरगावी एक सराव सामना खेळायला नेलं. तिथं मी आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या खेळपट्टीवर चेंडू टाकला. चेंडू वळला नाही. पडला, तसाच गेला. मी बोटं जास्त फिरवली, खांदा जास्त लावला, मनगट दुखेपर्यंत टाकत राहिलो. फलंदाज पुढं येऊन मला मारत होते आणि मारून झाल्यावर एकमेकांकडं बघून मान हलवत होते. परत येताना सर माझ्या शेजारी बसले.

"मॅटवर कुणाचाबी वळतो, मंठा. तिथं मॅट न्हाई."

"मंग काय करू, सर?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला फास्ट बॉलिंगमधलं समजतं. ह्यातलं बिलकुल समजत न्हाई. ज्यांनी शिकवलं त्यांना इचार की."

त्यांनी ते थट्टेनं म्हटलं की खरोखर, मला अजून सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परतूरच्या गाडीत बसलो आणि तिथून आष्टीला गेलो. पिशवीत लेदरचा चेंडू होता.

आपाच्या सासरी मी याआधी ईदेला तेवढा गेल्तो. दुल्हाभाई दुकानात होते. आपाच्या सासूबाई, ज्यांना मी खाला म्हणायचो, दारातल्या बाजेवर लसूण सोलत बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर आपाचं बाळ झोपलं होतं. आपा आतून आली. ती जाड झाली होती आणि तरी कशी कोण जाणे लहान दिसत होती. "अम्मी कैसे हैं? अब्बा की खाँसी?" तिनं एकामागून एक विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत पाणी आणायला गेली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो. ती भाकरी थापत होती. मी हळूच सांगितलं. चाचणी, खेळपट्टी, न वळणारा चेंडू. "आपा, तू कैसे घुमाती थी?"

तिचा हात थांबला नाही. "भूल गई मैं. वो सब बचपन की बातां."

"उँगली कहाँ रखती थी, इत्ता तो बोल."

"बब्बू, नक्को पूछ." आणि मग अगदी हलक्या आवाजात, "यहाँ कोई जानता नहीं."

भाकरी तव्यावर पडली, तिच्यावर पाणी फिरलं. तेवढ्यात बाजेवरून खालांचा आवाज आला. त्या आमच्याकडं पाठ करून बसल्या होत्या, पण त्यांचे कान काही म्हातारे झाले नव्हते.

"क्या दिखाने का है बच्चे कू?"

आपाचा चेहरा उतरला. मी सांगितलं. सगळं सांगितलं, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. खाला ऐकत होत्या, लसूण सोलत होत्या. मग त्यांनी लसूण ठेवलेलं सूप बाजूला ठेवलं, बाळाला खांद्यावर घेतलं, उठल्या आणि बाज ओढून दारातच आडवी लावली, तोंड रस्त्याकडं करून. वर बसल्या.

"पीछे जा के दिखा," त्या म्हणाल्या. "कोई आया तो मैं बैठी हूँ. भाकरी उतार पहले, जल जाएगी."

घरामागं मोसंबीची झाडं होती आणि त्यांच्या अलीकडं सारवलेली मोकळी जागा. आपानं ओढणी कमरेला खोचली. मी तिच्या हातात चेंडू दिला. तिनं लेदरचा चेंडू आयुष्यात पहिल्यांदा धरला होता. "इत्ता वजन?" ती म्हणाली. नाकाशी नेला. शिवणीवरून बोट फिरवलं, टाके बघितले, जशी ती कुणाच्याही हातचे टाके बघायची तशी. मग तिनं एका झाडाच्या बुंध्यावर चेंडू टाकला. सरळ गेला. पुन्हा टाकला. सरळ. तिसऱ्यांदा तिनं ओठ दाबून टाकला, तोही सरळ गेला आणि बुंध्याला लागून माझ्याकडं गडगडत आला. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती खाली जमिनीकडं बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ओढणी कमरेला खोचलेली असल्यानं तिला तोंडावर हात धरावा लागला.

"मैं कुछ नहीं करती थी रे," ती म्हणाली. "अपना आँगन करता था. फरशी पे डाली तो सीधी, मट्टी पे डाली तो घूमी. तेरेकू लगता था मैं घुमाई."

"बस इत्ता?"

"इत्ताच. तू मेरे हात कू देखता था. मैं जमीन देखती थी."

मी फार निराश झालो, हे कबूल करायला हवं. मी एवढ्या लांबून एक विद्या घ्यायला आल्तो आणि तिथं काही नव्हतंच. आपाला ते कळलं असावं. तिनं चेंडू माझ्याकडं फेकला. "तू डाल. मैंने तेरेकू डालते हुए देखी नहीं कभी."

हे खरं होतं. ती गेल्यावरच मी गोलंदाजी सुरू केली होती. मी चार पावलं मागं गेलो आणि त्याच बुंध्यावर चेंडू टाकला. चेंडूचं काय झालं ते आठवत नाही. आपा आठवते. ती हसायची थांबली होती. माझ्या हाताकडं बघत होती, कानाच्या खालून गेलेल्या, खांद्याच्या बाजूनं फिरलेल्या.

"फिर से डाल," ती म्हणाली. मी पुन्हा टाकला.

"मैं ऐसी दिखती थी?"

मी हो म्हणालो. खोचलेली ओढणी सोडवून तिनं डोक्यावर घेतली. पुढच्या दाराशी बाळ रडलं आणि ती गेली. मी जेवलो, खालांना सलाम केला. आपानं पिशवीत मोसंबी भरून दिली. ती दारापर्यंत आली नाही. बाळ अंगावर पीत होतं.

औरंगाबादला आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो आणि एका शाळेच्या वर्गात झोपलो. मैदान मोठं होतं, पोरं त्याहून जास्त होती. शहरातल्या पोरांचे कपडे पांढरे होते, माझे धुतलेले होते. निवड समितीची माणसं कापडी मांडवाखाली बसली होती. मला आधी फलंदाजी मिळाली. समोरून कोण टाकत होतं ते मला माहीत नव्हतं, आणि पुढं चेंडू काय करेल तेही माहीत नव्हतं. पण तशी मला लहानपणापासून सवय होती. मी वाट बघितली, उशिरा खेळलो. फार मोठे फटके मारले नाहीत, बाद मात्र झालो नाही. मांडवातून कुणीतरी म्हटलेलं मला ऐकू आलं, "हे पोरगं घाईच करत न्हाई."

गोलंदाजीला बोलावलं तेव्हा दुपार होऊन गेली होती. मी चालत फलंदाजाकडच्या स्टंपाशी गेलो आणि हाताची तयारी करायच्या ऐवजी वाकून जमीन बघितली. सकाळपासून वेगवान गोलंदाजांच्या बुटांनी खेळपट्टीचा एक भाग खरवडून निघाला होता. ऑफ स्टंपाच्या बाहेर, ताटाएवढी जागा, उघडी माती. तिच्या आतल्या बाजूला गवत तसंच होतं, दाबलेलं, चकचकीत. मला हसू आलं. नंतर वाटलं, कुणी बघितलं तर काय म्हणेल.

बघणं सोपं होतं, तिथं टाकणं अवघड. सुरुवातीचे माझे चेंडू भलतीकडं पडले. समोरचा फलंदाज उंच होता, औरंगाबादचाच, त्याला टाळ्या वाजवायला मित्र आलेले. त्यानं मला मांडवाच्या दिशेनं असा मारला की खुर्च्या हलल्या. घुगे सर सीमारेषेबाहेर उभे होते. त्यांनी टोपी काढली. ते टोपी काढतात हे मी पहिल्यांदा बघत होतो, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं. मी चेंडू पुसला. मंठ्याला अब्बा दोन ठोके मारून थांबलेले मला दिसत होते. मग मी त्यांना मनातून बाजूला केलं, सगळ्यांनाच बाजूला केलं आणि फक्त ताटाएवढी ती माती बघत धावलो. चेंडू तिथं पडला. धुरळा उडाला आणि चेंडू एवढा वळला की यष्टिरक्षकाच्याही हाती लागला नाही. फलंदाजानं खेळपट्टीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं बघितलं. पुढचाही तिथंच, तसाच वळला. त्याच्या पुढचा मी गवतावर टाकला. हात तोच, बोटं तीच. तो वळणाऱ्या चेंडूला खेळायला गेला, आणि चेंडू सरळ जाऊन मधल्या स्टंपावर बसला.

चाचणी संपल्यावर मांडवातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी मला बोलावलं. "तुझा हात वर का जात नाही?"

"छप्पर खाली होतं, साहेब," मी म्हणालो.

ते हसले, शेजारच्यांना त्यांनी ते पुन्हा सांगितलं, तेही हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. संध्याकाळी नावं वाचून दाखवली, त्यात माझं होतं.

पुढची गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत आहे. ती मी इथं लिहीत नाही. मी राज्याकडून खूप वर्षं खेळलो, देशाकडून थोडा काळ. मग खेळणं संपलं आणि शिकवणं सुरू झालं. एका थंड देशानं बोलावलं, मग समुद्राकाठच्या एकानं. तिथल्या मुलांना मी सामन्याच्या आदल्या दिवशी खेळपट्टीवर बसवतो. नुसतं बसा आणि हात लावून बघा, म्हणतो. त्यांना ते चमत्कारिक वाटतं, दुभाष्यालाही वाटतं. आपा आता आजी झाली आहे. व्हिडिओ कॉलवर ती फोन असा धरते की मला छताचा पंखा तेवढा दिसतो. सामन्याबद्दल ती विचारत नाही. "खाना खाया क्या?" विचारते. मी खाल्लं म्हणतो. पंखा फिरत असतो.

त्या दिवशी मात्र मला कुणाला तरी सांगायचं होतं. सर औरंगाबादला नातेवाइकांकडं राहिले, बाकीची पोरं निवड न झाल्यानं आधीच्या गाडीनं गेली होती. मंठ्यात शेजाऱ्यांच्या दुकानात फोन होता, पण ते संध्याकाळी बंद व्हायचं. मी जालन्याच्या गाडीत बसलो. शेजारी एक म्हातारी होती, लेकीकडून राजूरला परत चालली होती, मांडीवर गाठोडं. गाडी सुटल्यावर बराच वेळ मी धरून ठेवलं. मग तिला म्हणालो, "माझी निवड झाली."

"कशात लागलास, बाबा?"

"क्रिकेटमधी."

"सरकारी हाय का?"

मी न्हाई म्हणालो. तिला माझ्याबद्दल वाईट वाटलं असावं. तिनं गाठोड्यातून अर्धी भाकरी काढली, तिच्यावर ठेचा होता, आणि माझ्या हातावर ठेवली. "होईल तेबी," ती म्हणाली. "खा. घरी सांग आधी जाऊन." मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि जालना येईपर्यंत मी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी मंठ्याला गेलो. अब्बा उन्हात पोत्यावर बसून मोठ्या सुईनं गादीचे काठ शिवत होते. मी सांगितलं. कुठं खेळायला जावं लागेल, कुठं राहावं लागेल, तेही सांगितलं. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"मतलब अब तू नहीं आता," ते म्हणाले.

"आता ना, अब्बा. छुट्टी में आता."

"अच्छा हुआ," ते म्हणाले, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं. मग सुईत पुन्हा दोरा ओवायला लागले. दोरा जाईना. मी हात पुढं केला, पण त्यांनी सुई दिली नाही. दोन-तीनदा चुकवून शेवटी स्वतःच ओवला.

अम्मीनं आतून जेवायला हाक मारली. मी हात धुऊन जेवायला अंथरलेल्या दस्तरखानापाशी बसलो. माझी ॲल्युमिनियमची थाळी होती, काठाला चेमटलेली, लहानपणापासून मी तिच्यातच जेवत आलो होतो. ती चुलीशेजारी होती, मला दिसत होती. अम्मीनं कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरून निळ्या फुलांची चिनी मातीची ताटली काढली. ती पाहुण्यांसाठी होती. आपाच्या सासरची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा निघाली होती, त्यानंतर कधी निघाल्याचं मला आठवत नव्हतं. अम्मीनं पदरानं तिच्यावरचा भुरा पुसला, माझ्यापुढं ठेवली आणि वाढायला लागली.

"ये कायकू, अम्मी?"

"खा," अम्मी म्हणाली.

मी मान खाली घालून जेवलो. ताटली फुटू नये म्हणून फार जपून जेवलो.